फोनची न छापलेली तारीख

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी दारात येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर तारीख असते. तापाच्या गोळ्यांच्या पट्टीवर असते. गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. सिलिंडरची पुढची तपासणी कोणत्या तिमाहीत व्हायला हवी, त्याची ती खूण. बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसते, पण ती असते. आणि ज्या वस्तूसाठी आपण दहा-पंधरा हजार रुपये मोजतो, जिच्यात हल्ली आपलं पासबुक, आधार कार्ड, नातवंडांचे फोटो आणि उसाच्या बिलाचा मेसेज असं सगळं एका जागी ठेवलेलं असतं, त्या मोबाइलच्या खोक्यावर मात्र तो कुठवर सुरक्षित राहील याची तारीख शोधून सापडत नाही.

तारीख ठरलेली नसते असं नाही. कंपनीला ती बहुतेक वेळा माहीत असते. फक्त छापलेली नसते. आज त्या तारखेबद्दल बोलायचं आहे.

मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्यात बिऱ्हाडं अनेक. एक व्हॉट्सअ‍ॅपचं, एक बँकेचं, एक रेल्वेच्या तिकिटांचं, एक नातवाच्या खेळांचं. ही बिऱ्हाडं म्हणजे अ‍ॅप. पण दिंडी दरवाजा, पाण्याचा नळ, माडीची किल्ली हे सगळं सांभाळणारा कारभारी एकच. कॅमेऱ्याला हात कोणी लावायचा, मेसेज कोणी वाचायचे, कुणाला ओसरीपर्यंतच येऊ द्यायचं आणि कुणाला माजघरात न्यायचं, हे तो ठरवतो. हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्या बाजारातल्या बहुतेक फोनांत त्याचं नाव अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आयओएस.

अँड्रॉइडची पहिली आवृत्ती २००८ साली आली. पुढे आवृत्तीमागून आवृत्ती येत गेली आणि प्रत्येकीला एखाद्या गोड पदार्थाचं नाव मिळत गेलं. जेली बीन, किटकॅट, लॉलीपॉप, मार्शमॅलो. २०१७ ची ओरिओ, २०१८ ची पाय. या पंगतीत एकदाही पुरणपोळी बसली नाही, याचं मला उगाचच वाईट वाटायचं. २०१९ मध्ये गूगलने जाहीर नावं बंद करून नुसते आकडे ठेवले. ते अँड्रॉइड १०. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ आलं.

नवी आवृत्ती आली की गोल चिन्हं चौकोनी होतात, नेहमीचं बटण भलतीकडे जातं आणि आपण म्हणतो, याच्यासाठी एवढा डेटा घालवला? पण खरं काम आत झालेलं असतं. २०१५ पर्यंत अ‍ॅप घेतानाच ते मागेल त्या सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. टॉर्चच्या अ‍ॅपला माझ्या पाहुण्यांचे नंबर कशाला हवेत, हे विचारायची सोयच नव्हती. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर राहू द्या. त्या वर्षीच्या अँड्रॉइड ६ पासून एकेक परवानगी त्या त्या वेळी विचारली जाऊ लागली. १० मध्ये ‘अ‍ॅप उघडं असेल तेवढ्यापुरतंच माझं ठिकाण कळू दे’ असं सांगता येऊ लागलं. ११ ने ‘फक्त या वेळेपुरतं’ हा पर्याय दिला आणि महिनोन्महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपणहून काढून घ्यायला सुरुवात केली. १२ मध्ये माइक किंवा कॅमेरा चालू झाला की कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसू लागला. म्हणजे कारभारी दर वर्षी थोडा शहाणा होत गेला. जुन्या फोनमधला कारभारी मात्र जिथल्या तिथे राहिला.

ही झाली आवृत्तीची गोष्ट. दुसरी गोष्ट तिच्याहून महत्त्वाची आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. तिला सिक्युरिटी पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ, आपण वाकळेला लावतो तेच. एवढा अवाढव्य प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे कुठे ना कुठे शिवण उसवलेली राहतेच. ती कुणाच्या तरी लक्षात येते. लक्षात आणून देणारा भला असेल तर कंपनीला कळवतो, कंपनी ठिगळ तयार करते आणि ते अपडेट म्हणून आपल्या फोनकडे पाठवते.

जुलै २०१५ मध्ये झिंपेरियम नावाच्या कंपनीतल्या संशोधकाने अँड्रॉइडमधलं असं एक भोक जगापुढे आणलं. स्टेजफ्राइट हे त्याचं नाव. फोनमधला जो भाग व्हिडिओ वाचतो, त्यात ते होतं. मुद्दाम बिघडवून तयार केलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला की मालकाने तो उघडण्याआधीच फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. पाठवणाऱ्याला फक्त तुमचा नंबर ठाऊक हवा. शोध लावणाऱ्यांचा त्या वेळचा अंदाज होता की जगातल्या सुमारे ९५ कोटी फोनांत हे भोक आहे. त्या धक्क्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दर महिन्याला भोकांची आणि ठिगळांची यादी जाहीर करायला सुरुवात केली. आपल्या देशातही सर्ट-इन ही सरकारी संस्था २००४ पासून या कामासाठी आहे. ‘अँड्रॉइडच्या अमुक आवृत्त्यांना धोका, ताबडतोब अपडेट करा’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते, ती तिच्याच सूचनेवरून.

यातली खोच नीट पाहिली पाहिजे. यादी जाहीर होते म्हणजे कोणतं भोक कुठे होतं हे सगळ्यांना कळतं. ज्याच्या फोनला ठिगळ मिळालं, तो सुटला. ज्याला मिळालं नाही, त्याच्या घराचं मागचं कुलूप बिघडलेलं आहे याची मात्र दवंडी पिटली गेली. चोराला आता शोधाशोध करायची गरज नाही. गेल्या महिन्याची यादी वाचायची आणि ज्यांना ती लागू झालेली नाही असे फोन हुडकायचे. म्हणून ‘माझा फोन दोन वर्षांपूर्वी जसा होता तसाच आहे, मग आताच काय झालं?’ हा युक्तिवाद टिकत नाही. फोन तसाच आहे हे खरं. बाहेर मात्र दोन वर्षांच्या दवंड्या पिटून झालेल्या आहेत.

हे फोनपुरतंच नाही. परदेशी माल पाठवणाऱ्या आपल्या फाउंड्रीवाल्यांना न्हावाशेव्याच्या बंदराची ओळख करून द्यायला नको. २०१७ च्या जून अखेरीला नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा त्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. हा प्रोग्रॅम ज्या वाटांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता, त्यातली एक वाट म्हणजे विंडोजमधलं एक भोक. त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेलं होतं. तीन महिने ठिगळ तयार होतं, आणि तरीही जगात हजारो यंत्रांना ते लागलेलं नव्हतं.

मग प्रश्न असा की गूगल दर महिन्याला ठिगळं तयार करतं, तर ती तुमच्या-माझ्या फोनला का मिळत नाहीत? इथे कालव्याच्या पाण्याचं गणित आहे. काळम्मावाडीचं धरण भरलं म्हणून टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी येतंच असं नाही. गूगल हे धरण. तिथून ठिगळ निघतं. पुढे फोनमधली चिप तयार करणाऱ्या क्वालकॉम, मीडियाटेक अशा कंपन्या, म्हणजे मुख्य कालवा. कारण काही भोकं त्यांच्या चिपच्या प्रोग्रॅममध्येच असतात. नंतर फोन तयार करणारी कंपनी, म्हणजे पोटकालवा. तिने अँड्रॉइडवर स्वतःचा साज चढवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक ठिगळ तिच्या प्रत्येक मॉडेलवर बसवून, तपासून मग पाठवावं लागतं. एकेका कंपनीची डझनावारी मॉडेलं, त्यात पुन्हा देशोदेशीचे प्रकार. वरच्या फाट्यावर महागडे फोन असतात. त्यांना महिन्याच्या महिन्याला पाणी. आठ-दहा हजारांचा फोन टेलला. त्याला तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी, आणि एक दिवस पाळीच बंद होते. जुन्या मॉडेलला पाणी पाजण्यापेक्षा नवं मॉडेल विकण्यात फायदा असतो, हे काही आपल्याला नव्याने समजवायला नको.

गूगलने ही अडचण ओळखून मधले काही फाटे तोडले, हेही सांगायला हवं. अँड्रॉइड १० पासून ऑपरेटिंग सिस्टिमचे काही भाग गूगल प्ले मार्फत थेट फोनवर येतात, फोन कंपनीची वाट बघत नाहीत. त्याआधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, त्यांनी भारतापासूनच अँड्रॉइड वनची सुरुवात केली होती. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन, आणि स्वस्त फोनलाही थेट गूगलचे अपडेट, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती. पण आज ते तिन्ही फोन दुकानातून गेले, आणि बाजार पुन्हा ज्याच्या त्याच्या साजशृंगाराकडे वळला.

आता वर्षांकडे येऊ. सॅमसंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं की २०१९ पासूनच्या गॅलेक्सी फोनांना किमान चार वर्षं सुरक्षा अपडेट मिळतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनेही गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षं देऊ केली. त्याच वर्षी गॅलेक्सी ए १६ फाइव्ह-जी या वीस हजारांच्या आतल्या फोनला सहा वर्षं जाहीर झाली. मला ही बातमी सात वर्षांच्या बातमीपेक्षा मोठी वाटते. अ‍ॅपल आधीपासूनच लांब पल्ल्याचा गडी. २०१३ च्या आयफोन फाइव्ह-एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचं ठिगळ आलं होतं. पण हे सगळं वरच्या आणि मधल्या फाट्यावरचं. अगदी स्वस्त फोनांत अजून दोन-तीन वर्षांवर बोळवण होते, आणि काही कंपन्या तर आकडाच सांगत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही वर्षं मोजायची कुठून? तुम्ही फोन विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. ते मॉडेल बाजारात पहिल्यांदा आलं त्या दिवसापासून. दिवाळीला ‘भारी ऑफर’ म्हणून जो फोन निम्म्या किमतीत मिळतो, तो बऱ्याचदा दीड-दोन वर्षांपूर्वीचा असतो. समजा त्याला तीन वर्षांचे अपडेट होते. तुमच्या हाती आला तेव्हा त्यातलं एकच वर्ष उरलेलं होतं. वॉरंटीचं एक वर्ष आणि सुरक्षेचंही एकच.

दुकानात हे विचारून पाहा. मी विचारतो. संवाद साधारण असा होतो.

“दादा, याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं?”

“एक वर्ष वॉरंटी आहे की काका.”

“वॉरंटी नव्हे, अपडेट.”

“अपडेट काय, येतच राहतात. तुम्ही कॅमेरा बघा ओ, पन्नास मेगापिक्सेल!”

त्या पोराचा दोष नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही आणि आपण कुणी विचारत नाही. आपण कोल्हापूरकर ट्रॅक्टर घेताना स्पेअर पार्ट कुठे मिळतात ते विचारतो, म्हैस घेताना कितवं वेत ते विचारतो, चप्पल घेताना कातडं वाकवून बघतो. फोन घेताना फक्त किंमत आणि कॅमेरा.

यातून आपल्या घराघरांत एक उलटी रीत पडली आहे. नवा फोन येतो तो कॉलेजातल्या मुलाला किंवा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला. तिचा दोन वर्षं वापरलेला फोन बाबांकडे. बाबांचा आईकडे. आणि आईचा, काचेला तडा गेलेला, रबरी कव्हरात कोंबलेला, आजीकडे. ‘त्यांना काय, फोन उचलायचा आणि ठेवायचा’ असं आपण म्हणतो. पूर्वी ते खरंही होतं. आता त्याच फोनवर आजीच्या खात्यात पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो. आईच्या फोनवर डेअरीचं दूध बिल येतं, लाडकी बहीण योजनेचे पैसे येतात, भाजीवाल्याला यूपीआयने पैसे जातात. ज्याला धोक्याची चाहूल लवकर लागते त्याच्या हाती सगळ्यात बंदोबस्तातला फोन, आणि ज्याला स्क्रीनवर काय विचारलंय तेही चष्मा लावून वाचावं लागतं, त्याच्या हाती ठिगळं बंद झालेला. एप्रिल २०२५ पासून गूगलच्या मासिक यादीत अँड्रॉइड १२ साठी ठिगळं येणं थांबलं आहे. ही २०२१ ची आवृत्ती. तुमच्या घरातल्या शेवटच्या पायरीवरचा फोन कोणत्या आवृत्तीवर आहे, ते आज संध्याकाळी जरूर पाहा. तो १२ वर किंवा त्याही खाली निघाला तर मला नवल वाटणार नाही.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या भागात लोकांचे जे पैसे जातात, त्यातले बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या भोकातून जात नाहीत. ते आपणच दार उघडल्याने जातात. कुणी बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागतो, कुणी वीज तोडायची धमकी देतो. अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा आरटीओचं चलन म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. उघडलं की ते बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि ओटीपी परस्पर तिसरीकडे जाऊ लागतात. अशा फाइलला हो म्हणणाऱ्याला जगातलं कोणतंही ठिगळ पूर्णपणे वाचवू शकत नाही.

तरीपण फरक पडतो, तो असा. बाहेरून आलेली ही अ‍ॅप बहुधा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतात. दृष्टी अधू असणाऱ्यांना मदत व्हावी म्हणून केलेली ती सोय आहे. ती ज्याला मिळाली त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्ले स्टोअरबाहेरून असं आलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही. कारभारी मध्ये आडवा येतो. चोरांनी त्यालाही वळसे घालायच्या युक्त्या काढल्या आहेत, पण निदान एक कडी जास्त असते. जुन्या आवृत्तीत तो कारभारी मुकाट्याने बाजूला होतो. म्हणजे भोळ्या माणसाला सावध कारभाऱ्याची गरज जास्त, आणि आपण नेमका त्याला झोपाळू कारभारी देतो.

‘पण अपडेट केलं की फोन मंद होतो,’ असं पुष्कळ जण म्हणतात. ही निव्वळ अफवा आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की बॅटरी जीर्ण झालेल्या काही आयफोनांचा वेग त्यांनी अपडेटमधून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असं केलं, असा त्यांचा खुलासा होता. ग्राहकांना विचारलं मात्र नव्हतं. अमेरिकेतल्या त्या दाव्यांत २०२० साली ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड झाली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल ४ए ला आलेल्या अपडेटनेही अनेकांची बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरू लागली. तेव्हा शंका घेणाऱ्याला मूर्ख ठरवू नये. पण मी मघाशी केलेला भेद इथे कामी येतो. संबंध नवी आवृत्ती घेताना चार दिवस थांबून, इतरांचा अनुभव ऐकून निर्णय घेतला तरी चालेल. महिन्याचं सुरक्षेचं ठिगळ मात्र सहसा छोटं असतं, त्याने घराची रचना बदलत नाही. ते आलं की रात्री फोन चार्जिंगला लावून, वायफाय असेल तर त्यावर, लावून टाकावं.

आता सरकार काय करतं ते पाहू. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकांना, सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते जाहीर करणं कायद्याने भाग आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनसाठी नवे नियम लागू झाले. त्यात अपडेटची मुदत मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं धरली आहे. त्या कलमाच्या शब्दरचनेत पळवाट आहे, यावर तिकडे वाद चालू आहे. तरी मोजणी पहिल्या दिवसापासून नाही, विक्री थांबल्यापासून करायची, हे तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. शेवटचा फोन विकत घेणाऱ्यावर त्यात अन्याय होत नाही. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत, वाहनं आहेत, मोबाइलही आहेत. सुट्या भागांचा, दुरुस्तीच्या माहितीचा विचार त्यात झाला, आणि तो व्हायलाच हवा. पण स्क्रीन बदलता येते, बॅटरी बदलता येते. संपलेले अपडेट उद्यमनगरातला कितीही हुशार कारागीर लेथवर कातून देऊ शकत नाही. आपल्या वेष्टनांच्या नियमांत किंमत छापावी लागते, उत्पादनाचा महिना छापावा लागतो, तक्रारीसाठी पत्ता छापावा लागतो. त्यात ही एक ओळ वाढवायला सांगणं काही फार मोठं मागणं नाही. ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा असं मला वाटतं.

खटपटी तरुणांसाठी एक वाट आहे, ती ओझरती सांगतो. लिनिएजओएससारख्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या काही जुन्या फोनांवर बसवता येतात आणि त्यांना नवी ठिगळं मिळत राहतात. पण चुकलं तर फोन कायमचा आडवा होऊ शकतो, आणि बँकांची अ‍ॅप अशा फोनवर बऱ्याचदा चालायला नकार देतात. तेव्हा शिकायला उत्तम, आजीच्या फोनवर करू नये.

आपला फोन कुठे आहे ते कसं पाहायचं? पुराच्या दिवसांत आपण सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. फोनचीही पातळी दिसते. सेटिंग्जमध्ये जावं, ‘अबाउट फोन’ किंवा ‘फोनबद्दल’ शोधावं. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती लिहिलेली असते आणि तिच्या आसपास ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच’ यापुढे एक तारीख असते. ही तारीख महत्त्वाची. माझा ढोबळ हिशेब असा की ती सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर इशारा पातळी. ‘सिस्टिम अपडेट’मध्ये जाऊन काही आलंय का ते बघा, नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची मुदत शोधा. वर्षापेक्षा जुनी असेल आणि नवं काही येत नसेल तर धोका पातळी. घर सोडायची वेळ झाली असं समजून पैशाचे व्यवहार त्या फोनवरून हलवावेत. नवा फोन लगेच परवडत नसेल तर घरातल्या दुसऱ्या, चांगल्या फोनवर खातं न्यावं, आणि बँकेला दिलेला मोबाइल नंबर ज्या सिमचा आहे ते सिमही त्याच फोनमध्ये घालावं. सिम जुन्या फोनमध्येच राहिलं तर ओटीपीही तिथेच येत राहतात, आणि हलवण्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

नवा घेताना दुकानदाराला मॉडेल बाजारात कधी आलं ते विचारा, आणि अपडेट किती वर्षांचे ते कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, किंवा मुलांना पाहायला सांगा. दोन्हींची बेरीज करा, त्यातून आजची तारीख वजा करा, आणि किमतीला त्या उरलेल्या वर्षांनी भागा. बारा हजारांचा फोन दोन वर्षं टिकणार असेल तर वर्षाला सहा हजार पडले. अठरा हजारांचा सहा वर्षं टिकणार असेल तर तीन हजार. जुना वापरलेला फोन घेणाऱ्यांनी तर हे गणित केल्याशिवाय खिशात हातच घालू नये.

बाद झालेला फोन फेकायची घाई नको. त्यातली खाती काढून, सगळं पुसून, तो पुन्हा कोरा करावा. बँक नाही, मेल नाही, सिम नाही असा फोन गजराला चालतो, गाणी आणि रेडिओ ऐकायला चालतो. आमच्या ओळखीच्या एका घरात तो गोठ्यात टांगला आहे, म्हैस विणार असली की रात्री घरातून कॅमेऱ्यावर बघतात. फक्त मागचं झाकण फुगलेलं दिसलं, स्क्रीन कडेने उचलल्यासारखी वाटली, तर बॅटरी खराब झाली आहे. तो फोन पुन्हा चार्जिंगला लावू नये, दाबून बसवायचा प्रयत्न करू नये आणि घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्यावा.